कोळशात एवढी राख येते कुठून?
बल्लारपूर, घुग्घुस, वणी पट्ट्यातला कोळसा जळला की राखेचे ढीग उरतात. असं का? सुमारे २८ कोटी वर्षांपूर्वी हिमयुग ओसरल्यावर इथे नद्या वाहायच्या. काठच्या दलदलीत जिभेसारख्या पानांची ग्लोसोप्टेरिस झाडं होती. ती पडली, पण पाण्याखाली हवा नसल्याने पुरती कुजली नाहीत. वर वाळू-गाळाचे थर चढले. दाब आणि उष्णतेने त्यांचा कोळसा झाला. मात्र पुराची मातीही त्यातच मुरली. कार्बन जळतो, माती उरते, तीच राख. माती कणाकणात असल्याने कोळसा धुऊनही ती पूर्ण निघत नाही. म्हणून विहीर खोदताना काळा दगड लागला, की लगेच कोळसा समजू नका. माती जास्त असेल तर तो नुसता काळा दगडच, नीट पेटत नाही.