चल यंत्रमानवाची आज्ञावली-रचना

स्वतः वाट काढत फिरणाऱ्या यंत्रमानवाच्या पाहणे, स्थान ओळखणे, बेत आखणे, चाके चालवणे या संगणकीय कामांची वाटणी आणि त्यांचे परस्परसंबंध ठरवणारी मांडणी. तिच्यापुढचा कळीचा प्रश्न वेळेचा आहे. समोर कोणी आले तर चाके क्षणात थांबायला हवीत. पलीकडच्या खोलीत कसे पोचायचे याच्या विचाराला मात्र कितीतरी अधिक वेळ लागू शकतो.

कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये १९६६ ते १९७२ या काळात घडलेला ‘शेकी’ हा यंत्रमानव या क्षेत्राचा आरंभ. कॅमेऱ्यातून पाहायचे, जगाचे तार्किक वर्णन तयार करायचे, त्यावरून कृतींचा क्रम आखायचा आणि मग हलायचे, असा त्याचा क्रम होता. ‘ए-स्टार’ ही मार्गशोधाची रीत (१९६८) आणि ‘स्ट्रिप्स’ हा नियोजक (१९७१) याच प्रकल्पातून आले. शेकी आंधळेपणाने बेत राबवत असे, ही टीका अन्यायकारक आहे. त्याचा ‘प्लॅनेक्स’ हा भाग प्रत्येक पायरीनंतर बेताचा कोणता अंश अजून लागू आहे हे तपासे आणि गरजेप्रमाणे पायरी गाळे किंवा पुन्हा करवी. त्याची खरी मर्यादा संथपणाची होती.

एमआयटीतील रॉडनी ब्रुक्स यांनी १९८६ मध्ये जगाचे असे मध्यवर्ती प्रारूपच नाकारले. अडथळा टाळणे, भटकणे, शोध घेणे अशी वर्तने एकावर एक रचायची. प्रत्येक थर संवेदकांशी थेट जोडलेला आणि वरचा थर गरजेपुरता खालच्याला दाबणारा. प्रतिसाद चपळ झाला, पण दूरचे उद्दिष्ट अशा रचनेत बसवणे अवघड ठरले.

१९९० च्या दशकात रुळलेल्या त्रिस्तरीय रचनेने दोन्ही बाजू सांधल्या. इरॅन गॅट यांनी तिचे मर्म स्मृतीच्या भाषेत मांडले. तळच्या नियंत्रकाला आताचेच कळते, मधला अनुक्रमक घडून गेलेले लक्षात ठेवतो, वरचा नियोजक पुढचा विचार करतो. गॅट यांची आणखी एक अपेक्षा फार मोलाची आहे : प्रत्येक वर्तनाला आपण फसलो हे ओळखता आले पाहिजे, कारण न कळलेली चूक वरच्या थरांना सुधारता येत नाही.

आज ‘रॉस’ या यंत्रमानवांसाठीच्या मुक्त आज्ञाप्रणालीतील ‘नॅव्ह-टू’ संचातही दूरचा मार्ग आखणारा आणि चाकांना क्षणोक्षणी वेग सांगणारा असे वेगळे भाग असून, त्यांचा मेळ ‘वर्तनवृक्ष’ घालतो. मार्ग खुंटला तर तो नकाशातील अडथळ्यांच्या जुन्या खुणा पुसायला, जागीच फिरायला, थांबायला किंवा मागे सरायला सांगतो आणि नव्याने मार्ग मागतो.