चुकलेली सम

पिंक फ्लॉइड या इंग्रज वाद्यवृंदाचे नावच मुळी सिड बॅरेटने ठेवलेले. १९६७ सालच्या त्यांच्या पहिल्या तबकडीतली बहुतेक गाणीही त्याचीच. पण वर्ष सरता सरता त्याचे चित्त ठिकाणावर राहीना. एप्रिल १९६८ मध्ये तो बाहेर पडल्याचे जाहीर झाले. जागा घेतली ती त्याच्याच केंब्रिजच्या जुन्या मित्राने, डेव्हिड गिल्मोरने.

मग सिडने एकट्याची तबकडी आरंभिली. लंडनच्या ॲबी रोडवर काम सुरू झाले, रखडले, पुन्हा सुरू झाले. तालावर गावे हा रिवाज; येथे सारे उफराटे! सिड गिटार घेऊन आधी गाऊन मोकळा होई आणि सॉफ्ट मशीन वृंदातले वादक काही गाण्यांवर मागाहून साथ चढवीत. ओळ कधी मात्राभर लांब, कधी आखूड. बिचाऱ्यांनी सम शोधावी कुठे? आपला तबलजी अशा वेळी गवयाच्या तोंडाकडे तरी पाहतो. येथे गवई फितीत.

१९६९ च्या उन्हाळ्यात काम तडीस न्यायला धावून आले ते गिल्मोर आणि रॉजर वॉटर्स, म्हणजे ज्या वृंदातून तो गेला त्यातलेच दोघे. जानेवारी १९७० मध्ये ‘द मॅडकॅप लाफ्स’ निघाली. फसलेले आरंभही त्यांनी तसेच ठेवले. मला ते आजही खटकते. मित्राची अडखळण जगाला का ऐकवावी?

जून १९७५. ॲबी रोडवर पिंक फ्लॉइडचे ध्वनिमुद्रण चालले होते, तेही सिडवरच्याच गाण्याचे. एक स्थूल, मुंडण केलेला, भुवयाही उतरवलेला गृहस्थ आत येऊन उभा राहिला. बराच वेळ त्याला कोणी ओळखले नाही.