रामटेकच्या शिवारातला पाहुणचार

नागपूरहून जबलपूर मार्गाने निघून मनसरला उजवीकडे वळले की सुमारे ५० किलोमीटरवर रामटेक येते. नागपूरकर कुटुंबांचा इथला दिवस बहुधा ठरलेला असतो. गडावर राममंदिराचे दर्शन, कालिदास स्मारक, खिंडसी तलावावर नौकाविहार आणि अंधार पडण्याच्या आत घर. गडावरून खाली दिसणाऱ्या शिवारात मात्र सहसा कोणी उतरत नाही. शेतकऱ्याच्या घरी एक-दोन रात्री राहावे, चुलीवरचे जेवावे आणि शेतात हिंडावे, ही कृषी पर्यटनाची कल्पना या परिसराला चांगलीच मानवणारी आहे.

हा प्रकार जगभर नावारूपाला आणला तो इटलीने. तेथे त्याला ‘आग्रितुरिस्मो’ म्हणतात. त्याचे मूळ हौसेत नव्हे, तर अडचणीत आहे. मध्य इटलीत शतकानुशतके अर्धेलीची पद्धत होती. पिकाचा अर्धा वाटा मालकाचा, अर्धा कसणाऱ्याचा. विदर्भातील बटईशी तिचे जवळचे नाते आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर कुळे कारखान्यांच्या शहरांकडे निघून गेली आणि १९६४ च्या कायद्याने नव्या अर्धेली करारांवर बंदी आली. दगडी शेतघरे ओस पडली. ती पाहुण्यांसाठी उघडण्याची चळवळ १९६५ पासून संघटितपणे सुरू झाली आणि १९८५ मध्ये तिला स्वतंत्र कायदा मिळाला. पुढे २००६ मध्ये नवा कायदा आला. दोन्हींचा गाभा एकच : शेती हा मुख्य व्यवसाय राहिला पाहिजे, पाहुणचार हा जोडधंदा. ताटात वाढल्या जाणाऱ्या पदार्थांतही स्वतःच्या शेतातील मालाचा लक्षणीय वाटा असावा, अशी अट आहे.

महाराष्ट्रात या कल्पनेचा पाठपुरावा पांडुरंग तावरे यांनी २००५ च्या सुमारास बारामती तालुक्यातील पळशीवाडी येथून केला. राज्य सरकारचे कृषी पर्यटन धोरण यायला मात्र २०२० साल उजाडावे लागले. त्या धोरणानुसार किमान एक एकर जमीन असलेला शेतकरीही पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करून केंद्र चालवू शकतो. पश्चिम महाराष्ट्र आणि कोकण यात पुढे गेले. विदर्भ मागे राहिला. पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या सिल्लारी, चोरबाहुली प्रवेशद्वारांकडे निवासाच्या सोयी वाढल्या, पण तो सारा ओघ वाघाच्या मागे असतो, शेताच्या नव्हे.

वस्तुतः पाहण्यासारखे येथे बरेच आहे. जुलै-ऑगस्टमध्ये पेंचच्या गाभा क्षेत्रातील सफारी बंद असते, नेमकी तेव्हाच धानाची रोवणी भरात असते. बांधीत पोटरीभर चिखलात वाकून पऱ्हे रोवणाऱ्या बायांची रांग एकदा जवळून पाहिली, की ताटात भात टाकून देण्यापूर्वी मूल थबकते. रामटेक कपुरी पानांसाठीही ओळखले जाते. बरई समाजाने पिढ्यान् पिढ्या जपलेले पानमळे आता आटले असले तरी जिथे टिकून आहेत, तिथे आत शिरताच हवा गार आणि दमट होते. मळ्यात जाण्यापूर्वी चपला बाहेर काढण्याची रीत आहे. ती पाहुण्यांनीही पाळावी.

जेवणाचा विषय निघाला की थोडे थांबावे लागते. नागपूरबाहेर वऱ्हाडी-नागपुरी जेवण म्हणजे केवळ तिखटजाळ सावजी रस्सा, असा गैरसमज रूढ आहे. घरचे ताट वेगळे असते. थंडीत तुरीचे सोले आणि वांगी, सांबाराच्या म्हणजे कोथिंबिरीच्या वड्या, बेसनाचे गोळे घालून शिजवलेला गोळाभात आणि त्यावर फोडणीचे तेल, पातोडीचा रस्सा, अंबाडीची भाजी, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले रोडगे. उलट्या ठेवलेल्या मातीच्या मडक्यावर भाजली जाणारी लांब पोळी करायला हात तयार असावा लागतो आणि तो हात आता घरोघरी उरलेला नाही.

येथेच खरा प्रश्न उभा राहतो. पाहुणा येतो तो या जेवणासाठी, आणि ते रांधणारी स्त्री शेतातले कामही करतेच. पाहुण्यांचे पैसे घरातील पुरुषाच्या हाती आणि वाढीव कष्ट तिच्या वाट्याला, असे झाल्यास हा जोडधंदा फार काळ टिकत नाही. दुसरा धोका शहरातून येतो. शेतजमीन घेऊन हिरवळ, जलतरण तलाव आणि बुफे उभारायचा व त्याला कृषी पर्यटन म्हणायचे, असे प्रकार राज्यात कमी नाहीत. आरक्षण करण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत : शेत कोण कसते, या दिवसांत शेतात काय उभे आहे आणि स्वयंपाक कोण करते? उत्तर देताना यजमान घुटमळला, तर समजून घ्यावे.

मुक्कामासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. कार्तिकी पौर्णिमेच्या यात्रेत रामटेकला मोठी गर्दी होते. तेव्हा चौकशी आधीच करावी. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, लहान मुलांना घेऊन येण्याचे ते दिवस नव्हेत. रात्री रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी मचाणावर जागल चालते. जंगलालगतच्या गावांत अंधारात यजमानांशिवाय बाहेर पडू नये. अंगणात बाज टाकून आकाश पाहता येते. पेंचला २०२४ मध्ये देशातील पहिल्या ‘डार्क स्काय पार्क’चा मान मिळाला, तो याच काळोखामुळे.

परतताना यजमानाकडूनच नवा तांदूळ विकत घ्यावा. भाव दुकानापेक्षा फार कमी नसेल, पण मधला दलाल नसतो.