आधारित ऑक्साइड उत्प्रेरक : ओळख व चाचणी

धातूचे क्रियाशील ऑक्साइड मोठ्या पृष्ठफळाच्या दुसऱ्या ऑक्साइडवर पातळ थराने बसवलेले असल्यास त्यास आधारित ऑक्साइड उत्प्रेरक म्हणतात. अनाटेज टिटॅनियावरील व्हॅनेडियम ऑक्साइड हे त्याचे ठळक उदाहरण. थॅलिक अ‍ॅनहायड्राइडच्या निर्मितीत, तसेच टंगस्टन ऑक्साइडची जोड देऊन वीजकेंद्रांच्या धुरातील नायट्रोजन ऑक्साइडे अमोनियाने काढण्यासाठी ते वापरतात.

निर्मिती : अमोनियम मेटाव्हॅनेडेटचा ऑक्झॅलिक अम्लातील निळा द्राव आधारात मुरवून, वाळवून, सुमारे ४५०° से.ला भाजतात.

ओळख : पृष्ठफळ ब्रुनॉअर–एमेट–टेलर पद्धतीने (१९३८), ७७ केल्व्हिनला नायट्रोजन शोषवून काढतात. टिटॅनियाच्या दर चौ. नॅनोमीटरवर व्हॅनेडियमचे सुमारे ७-८ अणू बसले की एकस्तर पुरा होतो; पुढची भर स्फटिकरूपात जाते. म्हणून पृष्ठफळ न देता नुसती वजनी टक्केवारी दिली, तर तिच्यावरून काहीच कळत नाही.

क्ष-किरण विवर्तनाला सुमारे ४ नॅनोमीटरहून लहान स्फटिक सहसा दिसत नाहीत. तेव्हा ‘रेषा नाहीत, म्हणजे विखुरण उत्तम’ हा नेहमीचा निष्कर्ष घाईचा ठरतो. खरा निवाडा रामन वर्णपटाचा. स्फटिकी पेंटॉक्साइडची टोकदार रेषा ९९४ प्रति सेंमी.ला येते, विखुरलेल्या व्हॅनेडिलची १०३०च्या आसपास. मात्र हवेतला ओलावा शोषलेल्या नमुन्यात ही दुसरी रेषा पसरट होऊन १०००च्या खाली सरकते आणि फसगत होते. त्यासाठी नमुना क्वार्ट्‌झ खिडकीच्या कोठडीत, कोरड्या ऑक्सिजनच्या झोतात तापवून मगच वर्णपट घ्यावा. लेसरची शक्ती कमी ठेवावी. गडद नमुने तेवढ्यानेही तापतात. ७००च्या खालच्या पट्ट्यात अनाटेजच्याच रेषा इतक्या जोरकस असतात, की तिथे व्हॅनेडियमचा माग लागत नाही.

अम्लस्थानांसाठी पिरिडिनचा अवरक्त वर्णपट घेतात (लुईस १४५०, ब्रन्स्टेड १५४० प्रति सेंमी.).

चाचणी : चाळलेली भुकटी क्वार्ट्‌झ वाळूत मिसळून नळीत काचलोकरीच्या दोन बोळ्यांमध्ये बसवतात, बाहेर येणारा वायू वर्णलेखकावर तपासतात. रिकामी नळी व नुसता आधार यांच्या कोऱ्या चाचण्या आधी हव्यात. रूपांतरण १० टक्क्यांच्या आत ठेवले तरच वेग विश्वासार्ह मिळतो. ९५ टक्क्यांवर दोन उत्प्रेरकांची तुलना करणे व्यर्थ होय. मिथेनॉल ही सोयीची कसोटी आहे : क्षपण-ऑक्सिडीकरणाच्या स्थानांवर फॉर्माल्डिहाइड, अम्लस्थानांवर डायमिथिल ईथर मिळते. तोच व्हॅनेडियम सिलिकाऐवजी टिटॅनियावर बसवला, तर दर अणूमागे वेग कित्येक पटींनी वाढतो.

यंत्रणा : मार्स–व्हान क्रेव्हेलन (१९५४) प्रतिमान, म्हणजे जालकातील ऑक्सिजन खर्ची पडून पुन्हा भरून येणे, सामान्यतः मान्य आहे. नेमका कोणता ऑक्सिजन खर्ची पडतो याबाबत मतभेद आहेत. आधाराच्या परिणामामुळे अनेकांचा कल व्हॅनेडियम व आधार यांना जोडणाऱ्या ऑक्सिजनकडे आहे.

भारतात : पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत उत्प्रेरणावर संशोधन चालते.