सेंद्रिय सौरघटांची कार्यक्षमता कशामुळे अडते?

घोडबंदर रस्त्यावरच्या किंवा कल्याण-डोंबिवलीतल्या उंच इमारतीत शंभरएक कुटुंबांच्या वाट्याला एकच गच्ची येते. पाण्याच्या टाक्या आणि लिफ्टची खोली वगळली, तर उरलेल्या जागेवर सिलिकॉनची कितीशी पॅनेल मावणार? भिंती आणि खिडक्यांचे क्षेत्रफळ मात्र गच्चीच्या अनेक पट असते. तेथे चिकटवता येईल असा हलका, लवचीक, अर्धपारदर्शक सौरघट कार्बनी संयुगांपासून बनवता येतो. मग तो अजून सर्रास का दिसत नाही?

सिलिकॉनवर प्रकाश पडताच ऋणभारित इलेक्ट्रॉन आणि त्याने मागे सोडलेली धनभारित ‘पोकळी’ मोकळे होतात. सेंद्रिय पदार्थात ही जोडी एकमेकांना धरून राहते. तिला ‘एक्सायटॉन’ म्हणतात. सुमारे १० नॅनोमीटर अंतरात दोन वेगळ्या पदार्थांची सीमा भेटली नाही, तर ती विरून जाते. १९८६ साली कोडॅक कंपनीतील चिंग तांग यांनी दोन थर एकावर एक देऊन अशी सीमा तयार केली. त्यातला एक थर कॉपर थॅलोसायनिनचा, म्हणजे शाई-रंगातल्या परिचित निळ्या रंगद्रव्याचा होता. डोंबिवली एमआयडीसीतील रंग-रसायन व्यावसायिकांना हे नाव नवे नाही. त्या घटाची कार्यक्षमता जेमतेम १ टक्का होती. पुढे १९९५च्या सुमारास दोन्ही पदार्थ एकत्र कालवण्याची युक्ती निघाली आणि सीमा सर्वत्र मिळू लागली.

खरी कसोटी यानंतर सुरू होते. सुटे झालेले भार दोन विरुद्ध विद्युताग्रांपर्यंत पोहोचायला हवेत. सिलिकॉनच्या स्फटिकात इलेक्ट्रॉन सरळ धावतो. सेंद्रिय थरात त्याला एका रेणूवरून दुसऱ्यावर उड्या मारत जावे लागते. सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉनची गतिशीलता सुमारे १४०० चौरस सेंटिमीटर प्रति व्होल्ट-सेकंद असते, तर सेंद्रिय मिश्रणात ती साधारणपणे एक हजारांश ते एक दशसहस्रांश असते. संध्याकाळी डोंबिवली स्थानकाच्या पुलावर दोन्ही दिशांची गर्दी समोरासमोर यावी, तशी ही वाटचाल. फरक इतकाच, की येथे विरुद्ध भार भेटले की परस्परांना नष्ट करतात आणि वीज हाती येण्याआधीच संपते. त्यातही एक भार दुसऱ्यापेक्षा फारच मंद असेल, तर तो मध्येच साचतो आणि आतील विद्युतक्षेत्र बिघडवतो.

म्हणून थर सुमारे १०० नॅनोमीटर इतका पातळ ठेवतात. जाड थर अधिक प्रकाश शोषतो, पण भारांची वाट लांबते. प्रयोगशाळेत ही पातळी सांभाळता येते. मोठ्या फिल्मवर छपाई करताना जाडी थोडीफार कमी-जास्त होतेच, आणि तेथेच टक्के गळतात.

२००५च्या सुमारास मिश्रणाला उष्णता देऊन रेणूंची मांडणी सुधारल्यावर कार्यक्षमता ४ ते ५ टक्क्यांवर गेली. २०१९मध्ये ‘वाय-६’ या नव्या रेणूने १५.७ टक्के गाठले. त्याचे रेणू असे रचले जातात, की इलेक्ट्रॉनला सलग वाट मिळते. आता छोट्या घटांत २० टक्क्यांच्या आसपास मजल गेली आहे. सिलिकॉनचा प्रयोगशाळेतील उच्चांक २७ टक्क्यांच्या वर आहे.

कोकणपट्टीतला दमटपणा ही वेगळी डोकेदुखी. ओलावा आणि ऑक्सिजन आत शिरले, की भारांना अडकवणारे सापळे तयार होतात. त्यामुळे घट हवाबंद करावाच लागतो. ठाण्यात मे महिन्याच्या मध्यास दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, तेव्हा भिंतीवर थेट ऊन फारसे पडत नाही. पण मंद, विखुरलेल्या प्रकाशात भारांची गर्दीही कमी असते. परस्परांशी गाठ पडून होणारा नाश त्यामुळे घटतो, आणि म्हणूनच अशा उजेडात हे घट तुलनेने चांगले काम करतात.