मामाचा तलाव

दिवाळीच्या सुटीत पाहुणी मुले आमच्या गोंदिया भागात आली, म्हणजे एक प्रश्न हमखास विचारतात : "गुरुजी, हा मामा तलाव कुणाच्या मामाचा हो?" मग मास्तरकीची सवय जागी होते. माजी मालगुजारी, या दोन शब्दांची पहिली अक्षरे घ्या, की झाला मामा! सरकारी दप्तरातले रुक्ष नाव लोकांच्या तोंडी असे नात्याचे झाले. या मामाची कुळकथा ऐकण्यासारखी आहे.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या मुलखावर एके काळी गोंड राजांचे राज्य होते. जो तलाव बांधील त्याला त्या पाण्याने भिजेल तेवढी जमीन मिळेल, असे राजाने फर्मावल्याची आख्यायिका आहे. तलाव बांधणारे मुख्यतः कोहळी. नकाशा नाही, दुर्बीण नाही. उताराने पळणारे पाणी डोळ्यांनी मापायचे आणि दोन टेकड्यांच्या मध्ये मातीची पाळ घालायची. पाणी सोडण्यासाठी तुडूम असे, जास्तीचे पाणी सांडव्यावरून खालच्या तलावात जाई. नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय कोलू पाटील कोहळ्याने अठराव्या शतकात बांधला असे सांगतात. असे हजारो लहानमोठे तलाव झाले. कोहळ्यांनी त्यावर धान आणि ऊस पिकवला, ढिवरांनी मासोळी धरली, गाईगुरे तहान भागवून गेली.

पुढे इंग्रजी अमलात मालगुजार आले. त्यांची वेठबिगार जुन्या माणसांच्या आठवणीत आहे. त्यांचे गोडवे मी गाणार नाही. पण पाळ फुटली तर कुणाच्या दारी जायचे, हे गावाला ठाऊक होते. 1951 साली मालगुजारी गेली, ते योग्यच झाले. तलाव सरकारजमा झाले. लहान तलाव पुढे जिल्हा परिषदेकडे आले. सर्वांचे झाले ते हळूहळू कुणाचेच राहिले नाहीत. गाळ साचला. रोहू, कटला, मृगळ यांचे बीज बाहेरून येऊ लागले आणि दाडक, शिंगी, मरळ या गावच्या मासोळ्या विरळ झाल्या. उरलेल्या जागेवर बेशरम माजली. दक्षिण अमेरिकेतून आलेले हे झुडूप उपटून फेकले तरी पडल्या जागी मूळ धरते. लोकांनी नाव मोठे नेमके ठेवले!

आता माझ्या अपराधाची गोष्ट. काही वर्षांपूर्वी मी मुलांना श्रमदानाला नेले. आम्ही बेशरम तोडलीच, पण उत्साहाच्या भरात पाण्यातले शेवाळ, पोयणीची पाने, काठचे देवधान, सारेच ओढून काढले. पाणी आरशासारखे चकाकू लागले. मी कौतुकाच्या अपेक्षेने पाळीवर बसलेल्या म्हाताऱ्या ढिवराकडे पाहिले. तो शांतपणे म्हणाला, "पानी साफ झाला जी गुरुजी, पन मासोऱ्यांचा घर मोडला."

मी खाली बसलो आणि त्या दिवशी विद्यार्थी झालो. कुठली मासोळी पानांच्या आड अंडी घालते, कुठली उथळ गवतात शिरते, कोणते पिलू कुठल्या वेलीत लपते, हे त्याला मुखपाठ होते. पोयणी आणि कमळ फुलले की मधमाश्या आणि भुंगे येतात. त्याच माश्या पुढे काठच्या मोहरीवर उतरतात. मी ज्याला कचरा म्हणत होतो, तो एक सबंध संसार होता.

हेच ज्ञान आता कामी येत आहे. या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस अर्जुनी मोरगाव तालुक्यात काही ढिवर मंडळींनी आणि अभ्यासू कार्यकर्त्यांनी मोडलेला संसार पुन्हा मांडायला घेतला. उन्हाळ्यात तलाव आटला की बेशरम मुळासकट खणायची, कडक झालेली भुई नांगरायची, आणि पाऊस पडला की पाणवनस्पती लावायच्या. बुडून राहणाऱ्या खोलात, पाने तरंगणाऱ्या त्याच्या अलीकडे, उभ्या वाढणाऱ्या काठाशी. वनस्पती फस्त करणारे परके मासे सोडायचे नाहीत, विणीच्या दिवसांत जाळे टाकायचे नाही. पुढे या कामात ढिवर स्त्रियाही उतरल्या. अशा तलावांत हरवलेल्या मासोळ्या परतू लागल्या, आणि मासोळीमागे पाखरेही.

ज्यांच्या नावावर या तलावाचा एक हातभर तुकडाही नाही, त्यांनी तो आपला मानला! मालकी कागदावर चढते. आपलेपणा मात्र चिखलात उतरल्याखेरीज येत नाही.

आता मी दर पावसाळ्यात मुलांना घेऊन जातो, ते लावायला, उपटायला नाही. तो म्हातारा आज नाही. पण आमच्या तलावाच्या एका कोपऱ्यात यंदा पोयणी फुलली आहे. भाऊबीजेला मामाकडे आलात, तर जरूर पाहून जा. मात्र फूल तोडू नका. तिथे कुणाचे तरी घर आहे.