क्रूझचा हंगाम कोणता? वांकिडीहून दोन समुद्रांकडे पाहताना

२६ सप्टेंबर २०२१ च्या संध्याकाळी ‘गुलाब’ हे चक्रीवादळ आंध्र प्रदेशातील कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्यावर धडकले. जमिनीवर येताच ते क्षीण झाले, पण विरले नाही. उत्तर तेलंगण, विदर्भ, मराठवाडा असा प्रवास करीत त्याचा उरलेला भाग गुजरातमार्गे अरबी समुद्रात उतरला. तेथे त्याने पुन्हा बळ धरले आणि १ ऑक्टोबरला ‘शाहीन’ असे नवे नाव मिळवून ३ ऑक्टोबरला ते ओमानच्या किनाऱ्यावर आदळले. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या कापसाच्या शेतांवरून एका समुद्राचे वादळ दुसऱ्या समुद्रात गेले होते.

वांकिडी याच पट्ट्यात येते. पूर्वीच्या आदिलाबाद जिल्ह्यातील आणि २०१६ पासून कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात गेलेले हे मंडळाचे गाव महाराष्ट्राच्या राजुरा तालुक्यालगत आहे. सीमेवरच्या इतर गावांप्रमाणे येथेही तेलुगूबरोबर मराठी बोलली जाते. सरळ रेषेत मोजले तर विशाखापट्टणम येथून सुमारे साडेचारशे किलोमीटर, मुंबई पावणेसातशे आणि मुरगाव सव्वासातशे किलोमीटरच्या आसपास. क्रूझवर चढणारा देशी प्रवासी किनाऱ्यावरचाच असतो असे नाही. वांकिडीसारख्या गावातून निघणाऱ्या कुटुंबापुढे दोन्ही समुद्र मोकळे असतात, आणि नेमका तेथेच घोळ होतो. कारण या दोन समुद्रांचे धोक्याचे महिने पूर्णपणे सारखे नाहीत.

उत्तर हिंदी महासागरात वर्षाकाठी सरासरी पाच चक्रीवादळे होतात. त्यांपैकी चार बंगालच्या उपसागरात तर एक अरबी समुद्रात, असे प्रमाण जुन्या नोंदींवरून सांगितले जाते. अलीकडे या हिशेबावर फार विसंबून चालत नाही. २०१९ या एकाच वर्षात वायू, हिक्का, क्यार, महा आणि पवन अशी पाच चक्रीवादळे अरबी समुद्रात झाली. त्यांतील क्यार तर महाचक्रीवादळाच्या श्रेणीपर्यंत पोहोचले, म्हणजे त्याच्या वाऱ्याचा वेग ताशी २२१ किलोमीटरच्या पुढे गेला. २००७ च्या गोनूनंतर या समुद्रात असे प्रथमच घडले.

चक्रीवादळांचे हंगाम वर्षातून दोन असतात. पहिला मॉन्सूनच्या तोंडावर, एप्रिलअखेरपासून जूनच्या मध्यापर्यंत. दुसरा मॉन्सून परतल्यावर, ऑक्टोबर ते डिसेंबर. मधल्या जुलै-ऑगस्टमध्ये चक्रीवादळे जवळजवळ नसतात, ही गोष्ट अनेकांना चमत्कारिक वाटते. समुद्र तेव्हाही तापलेलाच असतो. परंतु खालच्या थरात नैर्ऋत्येकडून आणि वरच्या थरात पूर्वेकडून जोराचा वारा वाहत असल्याने वादळाचा उभा स्तंभ तिरपा होऊन मोडतो. नियमाला अपवाद असतोच. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस कच्छलगत ‘असना’ निर्माण झाले. अरबी समुद्रात ऑगस्टमधील चक्रीवादळ १९७६ नंतर प्रथमच दिसले.

चक्रीवादळ नाही म्हणून जुलै प्रवासाला योग्य, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. पश्चिम किनाऱ्यावर त्या काळात मॉन्सूनचा वारा थेट किनाऱ्याकडे वाहतो आणि खवळलेला समुद्र आठवडेच्या आठवडे शांत होत नाही. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट १७ जुलै १९४७ रोजी बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली, तेव्हा कोणतेही चक्रीवादळ आलेले नव्हते. होता तो भर पावसाळ्यातला नेहमीचा समुद्र. ६ जून २००० रोजी ‘रिव्हर प्रिन्सेस’ हे जहाज गोव्यात कांदोळीच्या वाळूत रुतले, तेही पावसाळ्याच्या पहिल्याच आठवड्यात. त्याचा सांगाडा पुढे दहा वर्षांहून अधिक काळ किनाऱ्यावर पडून होता. मुंबई-पणजी आगबोटींच्या काळात पावसाळ्यात वाहतूक बंद ठेवीत. कोकण-गोव्यातील घरे आगोटीची बेगमी करीत आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून होड्या पुन्हा पाण्यात घालीत. आज पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारी बंदी असते. तिचा मुख्य हेतू माशांच्या प्रजननाला अवसर देण्याचा आहे. हवामानाशी तिची सांगड योगायोगापेक्षा थोडी अधिक, इतकेच. पूर्व किनाऱ्यावर हीच बंदी १५ एप्रिल ते १४ जून अशी असते. तिकडे बंदी उठली म्हणून इकडचा समुद्र निवळला असे समजणे चुकीचे ठरेल.

क्रूझ कंपन्या ही दोन वेळापत्रके चांगली ओळखून असतात. मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीप अशा फेऱ्या करणारे ‘एम्प्रेस’ हे जहाज जून २०२२ मध्ये चेन्नईला गेले आणि तेथून विशाखापट्टणमच्या फेऱ्या करू लागले. नैर्ऋत्य मॉन्सूनचा वारा तमिळनाडूच्या किनाऱ्यावर जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, त्यामुळे किनाऱ्यालगतचे पाणी त्या मानाने सौम्य राहते. जुलै-ऑगस्टमधील कमी दाबाची क्षेत्रे बहुधा उपसागराच्या उत्तर भागात, ओडिशा-बंगालच्या बाजूला तयार होतात. वांकिडीच्या ओढ्यांना पूर आणणारा पाऊस बहुतेक वेळा त्यांचाच. तेव्हा पावसाळ्यातच जायचे असेल तर चेन्नईची दक्षिण बाजू त्यातल्या त्यात बरी. ऑक्टोबर उजाडताच चित्र उलटते. १२ ऑक्टोबर २०१४ रोजी हुदहुदने विशाखापट्टणम उद्ध्वस्त केले. डिसेंबर २०२३ च्या पहिल्या आठवड्यात मिचौंगने आधी चेन्नई बुडवली आणि नंतर बापटलाजवळ किनारा गाठला. ईशान्य मॉन्सूनचे हे तीन महिने पूर्व किनाऱ्यावरच्या सहलीसाठी टाळावेत, यात दुमत होण्यासारखे काही नाही.

पश्चिम किनाऱ्यावरचा ऑक्टोबर-नोव्हेंबर मात्र फसवा. पाऊस थांबलेला, आकाश स्वच्छ, क्रूझचा हंगाम नुकताच सुरू झालेला आणि दसरा-दिवाळीच्या सुट्ट्या हाताशी. ‘आंग्रिया’ या मुंबई-गोवा जहाजाचे उद्घाटनही ऑक्टोबर २०१८ मध्येच झाले होते. पुढच्याच वर्षी त्याच महिन्यात ‘क्यार’ तयार होत असताना ‘नू शी नलिनी’ हे नाफ्त्याने भरलेले, खलाशी नसलेले जहाज लंगर तोडून दोनापावलजवळच्या खडकांत येऊन अडकले. नोव्हेंबर २००९ मध्ये ‘फयान’ कोकणातून गेले. २०१७ च्या डिसेंबरात ओखी गोव्यापासून दूर समुद्रातून चालले असतानाही किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये पाणी शिरले. असे दरवर्षी होत नाही, आणि बहुतेक वर्षी दिवाळीची सहल निर्विघ्न पार पडते. पण वर्षभराची बचत एका सहलीत घालणाऱ्याने ‘बहुतेक वर्षी’ या शब्दांवर थोडे थांबावे.

मे महिना तर दोन्ही समुद्रांना नको. तौक्ते १४ मे २०२१ रोजी जन्मले आणि १७ तारखेला मुंबईसमोरून गुजरातकडे गेले. मुंबईपासून दूर समुद्रात पी-३०५ हा बार्ज बुडाला आणि सत्तरहून अधिक कामगार मृत्युमुखी पडले. जूनमधील निसर्ग (२०२०) आणि बिपरजॉय (२०२३) यांच्या आठवणी ताज्या आहेत. वादळ नसले तरी एप्रिल-मेमध्ये केरळ आणि लक्षद्वीपच्या बाजूला दक्षिण महासागरातून निघालेल्या लांब लाटा वाऱ्याशिवाय, निरभ्र दिवशी येऊन थडकतात. मल्याळी कोळी त्याला ‘कळ्ळक्कडल’, म्हणजे चोर समुद्र, म्हणतात. ३१ मार्च २०२४ रोजी केरळच्या किनाऱ्यावर असेच पाणी चढले होते.

उरतो डिसेंबरच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंतचा काळ. जानेवारी ते मार्च या तिमाहीत अरबी समुद्रात चक्रीवादळ जवळजवळ होतच नाही. हवा कोरडी, पहाटे जमिनीकडून मतलई वारा, दुपारी खारा वारा, आणि दृष्टी पोहोचेल तेथपर्यंत स्वच्छ क्षितिज. कधीतरी उत्तरेकडून, इराणच्या आखातातील शमाल वाऱ्यांनी उठवलेल्या लाटा कोकणापर्यंत येतात आणि एक-दोन दिवस जहाज हलते, पण तेवढेच. पूर्व किनाराही याच काळात, जानेवारीच्या मध्यानंतर, सर्वांत स्थिर असतो. अंदमानला जाणाऱ्यांनी डिसेंबरचा पहिला पंधरवडा सोडावा. डिसेंबर २०१६ मध्ये हॅवलॉक बेटावर शेकडो पर्यटक दिवसचे दिवस अडकून पडले. ज्या प्रणालीमुळे ते अडकले, तीच पुढे वरदा चक्रीवादळ होऊन चेन्नईवर गेली.

वांकिडीच्या दृष्टीने पाहिले तर हे वेळापत्रक सोयीचेच आहे. कापसाची वेचणी आणि विक्री जानेवारीपर्यंत चालते. हातात पैसा आणि सवड दोन्ही येतात ती त्यानंतर. शाळकरी मुले असतील तर तेलंगणातील संक्रांतीची सुट्टी थोडी लहान, पण चांगल्या हवामानाच्या अगदी मध्यावर पडते. दसऱ्याची सुट्टी मोठी असते, हे खरे. तीन-चार रात्रींच्या सहलीला मात्र संक्रांतही पुरते.

हवामानाचा खरा धोका जिवाला किती आणि पैशाला किती, हेही वेगळे करून पाहायला हवे. आधुनिक क्रूझ जहाज ताशी तीसेक किलोमीटर वेगाने चालते, तर चक्रीवादळ स्वतः बहुधा ताशी दहा ते वीस किलोमीटरने सरकते. कप्तानाला वादळ चार-पाच दिवस आधी दिसत असते आणि तो त्याच्या वाटेतून बाजूला होतो. बुडते ती सहल. लक्षद्वीपऐवजी जहाज समुद्रातच दोन दिवस फिरते, गोव्याचा थांबा गळतो, किंवा निघण्याचा दिवसच पुढे जातो. प्रवासमार्ग बदलण्याचा, बंदर वगळण्याचा अधिकार कप्तानाकडे राखलेला आहे, असे तिकिटाच्या अटींत बहुधा लिहिलेले असते. त्याबद्दल परतावा मिळेल का, हे पैसे भरण्याआधी वाचायचे असते. विमाही तेव्हाच घ्यावा. वादळाला नाव पडल्यावर घेतलेला विमा त्या वादळाचे नुकसान सहसा भरून देत नाही.

लक्षद्वीपच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. तेथील बऱ्याच बेटांवर मोठे जहाज धक्क्याला लागत नाही. प्रवाशांना लहान होड्यांतून खाजणात नेतात. जहाजाला काहीच न वाटणारी दीड-दोन मीटरची लाट या होडीला पुरेशी असते. म्हणून सहल रद्द न होताही बेट पाहायचे राहून जाते. ज्येष्ठ नागरिक बरोबर असतील तर फेब्रुवारीच निवडावा, आणि खोली घ्यायची ती जहाजाच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावर. खिडकीतून दिसणारा समुद्र थोडा कमी पडतो, पण डोलणेही सर्वांत कमी जाणवते.

परदेशातील क्रूझचे गणित निराळे. कॅरिबियन समुद्रात १ जून ते ३० नोव्हेंबर हा हरिकेनचा अधिकृत हंगाम, आणि सप्टेंबर सर्वांत धोक्याचा. तेव्हाची तिकिटे स्वस्त असतात ती त्यामुळेच. अमेरिकेतील मराठी कुटुंबे मुलांच्या उन्हाळी सुट्टीत जातात तेव्हा हंगाम सुरू झालेला असतो, जोर धरायचा असतो. सिंगापूर विषुववृत्ताच्या इतके जवळ आहे की तेथे चक्रीवादळाला फिरकी मिळत नाही. डिसेंबर २००१ मधील ‘वामेई’ हा नोंदींतला विरळा अपवाद.

निघण्याआधी दोन ठिकाणी पाहावे. भारतीय हवामान विभाग दर गुरुवारी पुढील दोन आठवड्यांत चक्रीवादळ निर्माण होण्याची शक्यता वर्तवतो. लाटांच्या उंचीचा अंदाज ‘इनकॉइस’ ही संस्था देते, आणि गंमत म्हणजे समुद्रावर नजर ठेवणारी ही संस्था समुद्र नसलेल्या हैदराबादेत आहे. बंदरावरचे बावटे एक ते अकरा क्रमांकांचे असतात. एक आणि दोन म्हणजे दूर समुद्रात वादळ. तीन-चार म्हणजे बंदरालाच सोसाट्याच्या वाऱ्याची शक्यता. पाच ते सात धोका, आठ ते दहा मोठा धोका, आणि अकरा म्हणजे हवामान केंद्राशी संपर्कच तुटला. तीन क्रमांकाचा बावटा लागल्याची बातमी आल्यास मुंबई किंवा चेन्नईची गाडी पकडण्यासाठी बल्लारशाहकडे निघण्याआधी क्रूझ कंपनीला एक फोन करावा.